हवा खालून तापते, पण कशी?

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलेल्या प्रत्येकाला एक अनुभव आलेला असतो. खाली घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि वर पोचताच अंगावर गार वारा येतो. दोन्ही गावांच्या उंचीत सुमारे ६०० मीटरचा फरक आहे आणि तापमानात साधारणपणे चार अंश सेल्सिअसचा. भूगोलाच्या तासाला यावरून एक प्रश्न हमखास निघतो. डोंगरावर आपण सूर्याच्या जवळ जातो, मग तिथे थंड का? त्याचे उत्तरही ठरलेले आहे. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर दूर आहे, तिथे ६०० मीटरची काय मातब्बरी? शिवाय सूर्याचे किरण हवेतून बहुतांशी आरपार जातात, जमीन तापवतात आणि मग जमीन हवेला तापवते. म्हणून जमिनीपासून वर जावे तसतशी हवा थंड होत जाते.

हे उत्तर आम्हीही अनेकदा दिले आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेत ते देऊन झाल्यावर नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "पण सर, टेबललँडवरसुद्धा जमीन आहेच की! ती तापत नाही का?"

प्रश्न बिनतोड होता. पाचगणीचे टेबललँड म्हणजे जांभ्या दगडाचे उघडेबोडके पठार. मे महिन्याच्या दुपारी त्यावर अनवाणी चालून पाहावे! ती जमीन वाईच्या जमिनीइतकीच तापते. मग तिच्यावरची हवा वाईच्या हवेइतकी का तापत नाही? त्या दिवशी आम्ही वाऱ्याचे काहीतरी कारण सांगून वेळ मारून नेली. पुढे या विषयाचा इतिहास चाळताना लक्षात आले की, त्या मुलीचा प्रश्न जुना आहे. 'जमीन हवेला तापवते' या तीन शब्दांत नेमके काय दडले आहे, हे उलगडायला शास्त्रज्ञांना जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

सोस्यूरची पेटी

आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या जिनिव्हा शहरात ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर नावाचे प्राध्यापक होते. पर्वत हेच त्यांचे वेड. उंचावर थंडी का, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने केवळ पुस्तकी नव्हता. सूर्यकिरणांमध्येच वर कमी उष्णता असते की काय, हे तपासण्यासाठी त्यांनी एक पेटी बनवली. लाकडी पेटी, आतून काळ्या बुचाचे अस्तर, वर थोडे थोडे अंतर सोडून बसवलेली काचेची तीन तावदाने आणि आत तापमापक. उन्हात ठेवली की ही पेटी पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर तापे.

१७७४ साली सोस्यूर ही पेटी घेऊन क्रामों नावाच्या शिखरावर चढले. बाहेरच्या हवेचे तापमान होते सुमारे ६ अंश, पण पेटीतले तापमान ८८ अंशांच्या आसपास गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुमारे दीड हजार मीटर खाली उतरून तोच प्रयोग केला. इथे बाहेरची हवा चांगली उबदार होती, तरी पेटीतले तापमान जवळजवळ कालच्याइतकेच भरले.

याचा अर्थ सूर्यकिरणांत काहीच खोट नव्हती. पर्वतावरही ऊन तितकेच प्रखर होते. फरक होता तो मिळालेली उष्णता धरून ठेवण्यात. पेटी ती धरून ठेवत होती, उघडी हवा ठेवू शकत नव्हती आणि उंचावरची हवा तर त्याहून कमी. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. टेबललँडची जमीन तापते हे तिचे म्हणणे खरेच आहे. प्रश्न आहे तो त्या उष्णतेचे पुढे काय होते, हा.

उजेडाची उष्णता आणि अंधारातली उष्णता

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, तापमापक ठेवला. पारा चढला. डोळ्यांना न दिसणारे पण उष्णता वाहून नेणारे किरण असतात हे त्यामुळे कळले. आज आपण त्यांना अवरक्त किरण म्हणतो.

या शोधाचा उपयोग पृथ्वीच्या तापमानाचा विचार करताना फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी केला. १८२४ साली त्यांनी एक साधा वाटणारा प्रश्न मांडला. सूर्य पृथ्वीला अहोरात्र उष्णता देतो आहे, तर पृथ्वी तापत तापत लालबुंद का होत नाही? त्यांचे उत्तर असे की, पृथ्वीही अवकाशात उष्णता सोडते, पण ती डोळ्यांना न दिसणाऱ्या रूपात. फूरिये तिला 'अंधारी उष्णता' म्हणत. सूर्याची प्रकाशमय उष्णता हवेतून सहज आत येते, परंतु जमिनीकडून निघालेल्या अंधाऱ्या उष्णतेला बाहेर पडताना हवा अडवते. येणे सोपे, जाणे कठीण. म्हणून जमीन आणि तिच्यालगतची हवा ऊबदार राहते.

फूरिये यांनी या संदर्भात सोस्यूरच्या पेटीचा दाखला दिला, पण एका महत्त्वाच्या पुस्तीसह. हवेचे थर हलायचे थांबून काचेसारखे घट्ट झाले, तर वातावरण त्या पेटीसारखे वागेल, असे त्यांनी म्हटले. म्हणजे खरी हवा हलते, ही बाब त्यांच्या ध्यानात होती. पुढे अनेकांनी दाखला तेवढा उचलला आणि पुस्ती विसरली! सगळेच फूरिये यांचे बरोबर होते असे मात्र नाही. अवकाशाचे तापमान पृथ्वीच्या ध्रुवांपेक्षा थोडेच कमी असावे, असे ते मानत. प्रत्यक्षात ते किती तरी पटींनी थंड आहे. तरीही जमाखर्च मांडण्याची त्यांची रीत पुढे टिकून राहिली.

हवेतले कोण उष्णता अडवते?

हवा उष्णता अडवते हे ठीक. पण हवेतला कोणता वायू?

१८५६ साली अमेरिकेत युनिस फूट यांनी काचेच्या दोन नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. साध्या हवेच्या नळकांड्यात तापमान ४१ अंशांपर्यंत चढले, कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यात ५२ अंशांपर्यंत. दमट हवाही कोरड्या हवेपेक्षा जास्त तापली. पृथ्वीच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइड अधिक असता तर पृथ्वी अधिक उष्ण असती, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ऑगस्ट महिन्यात ऑल्बनी येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत तो निबंध जोसेफ हेन्री यांनी वाचून दाखवला आणि नंतर तो दीडशे वर्षे जवळजवळ विस्मरणात गेला. २०११ साली तो पुन्हा उजेडात आला. या प्रयोगात एक उणीव होती. काचेच्या नळकांड्यावर थेट ऊन पडत असल्यामुळे प्रकाशमय आणि अंधारी उष्णता वेगळी करता येत नव्हती.

ही उणीव लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी दूर केली. १८५९ च्या मे महिन्यात त्यांनी पितळेची एक लांब नळी घेतली. एका टोकाला उकळत्या पाण्याने भरलेले धातूचे घनाकृती भांडे, म्हणजे अंधाऱ्या उष्णतेचा उगम. दुसऱ्या टोकाला थर्मोपाइल, म्हणजे तापमानातल्या सूक्ष्म फरकाचे विजेच्या प्रवाहात रूपांतर करणारे उपकरण, आणि त्याला जोडलेला गॅल्व्हानोमीटर. नळीची तोंडे बंद करायला काच चालणार नव्हती, कारण काच स्वतःच ही उष्णता अडवते. म्हणून त्यांनी सैंधव मिठाच्या चकत्या बसवल्या. आपल्या स्वयंपाकघरातले सैंधव अंधाऱ्या उष्णतेला पारदर्शक असते!

मग नळीत एकेक वायू भरून पाहिला. ऑक्सिजन भरला, काटा जवळपास हलला नाही. नायट्रोजन भरला, तरी तेच. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग या दोन वायूंचा, आणि अंधाऱ्या उष्णतेच्या दृष्टीने तो जणू नव्हताच. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड मात्र अगदी थोड्या प्रमाणात असूनही उष्णता शोषत होते. त्यातही मोठा वाटा बाष्पाचा होता.

याचा पडताळा आपल्याला घरबसल्या मिळतो. पुण्यात जानेवारीत हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते, तेव्हा दिवसाचे कमाल आणि रात्रीचे किमान तापमान यांत अठरा-एकोणीस अंशांचे अंतर पडते. जुलैत हवा दमट आणि आकाश ढगाळ, तेव्हा हे अंतर पाच-सहा अंशांवर येते. दिवसा ऊन अडते हे त्याचे एक कारण, आणि रात्री पांघरूण जाड असते हे दुसरे. पाचगणीच्या डोक्यावर वाईच्या मानाने हवेचा, आणि मुख्य म्हणजे बाष्पाचा, ६०० मीटर जाडीचा थर कमी आहे. तिचे पांघरूण तेवढे पातळ!

हलणारी हवा

आता फूरिये यांच्या पुस्तीकडे वळू. जमिनीलगतची हवा तापते, हलकी होते आणि वर चढते. वर हवेचा दाब कमी असल्याने ती फुगते. फुगताना तिला आजूबाजूची हवा बाजूला सारावी लागते, त्यात तिची ऊर्जा खर्च होते आणि ती थंड होते. कोणी बाहेरून तिची उष्णता काढून घेतली म्हणून नव्हे, तर केवळ फुगली म्हणून. सायकलचा पंप हवा दाबताना गरम होतो, त्याच्या नेमकी उलट ही क्रिया. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेले शास्त्रज्ञ, यांनी १८६० च्या दशकात याचे गणित मांडले. कोरडी हवा दर किलोमीटर चढाला सुमारे १० अंशांनी थंड होते. हवेत बाष्प असेल तर ते वर जाऊन थिजते, ढग बनतात आणि बाष्प होताना घेतलेली उष्णता परत मिळते. त्यामुळे थंड होण्याचा वेग कमी होतो. प्रत्यक्ष वातावरणाची सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंश अशी आहे.

टेबललँडचे कोडे इथे बरेचसे सुटते. पठाराची जमीन तापते, तिच्यालगतची वीतभर हवाही तापते. परंतु पठार लहान आहे. वारा ही हवा क्षणात उचलून नेतो आणि तिच्या जागी त्याच उंचीवरची भोवतालची हवा येते. ती हवा खालच्या दऱ्याखोऱ्यांतून वर येताना फुगून आधीच थंड झालेली असते. पठार प्रचंड मोठे असते तर? तसे एक आहे, तिबेटचे. उन्हाळ्यात तिबेटवरची हवा तेवढ्याच उंचीवरच्या इतरत्रच्या मोकळ्या हवेपेक्षा खरोखरच गरम असते. म्हणजे त्या मुलीचा तर्क चुकीचा नव्हता, टेबललँडच त्याला अपुरे होते!

हे ढवळणे कुठवर चालते, याचा शोध फ्रान्सच्या लेओं तेसरँ द बोर यांनी घेतला. पॅरिसजवळच्या त्राप गावातून ते तापमान नोंदवणारी उपकरणे बांधलेले फुगे सोडत. अकरा किलोमीटरच्या आसपास तापमान घटायचे थांबते, असे त्यांना आढळले. उन्हाने उपकरणच तापत असेल, अशी शंका घेऊन त्यांनी रात्रीही फुगे सोडले. निष्कर्ष बदलला नाही. १९०२ साली त्यांनी तो जाहीर केला. ज्या खालच्या थरात हवा सतत ढवळली जाते त्याला आपण तपांबर म्हणतो आणि वरच्या शांत थराला स्थितांबर. १९२९ साली भारतीय हवामान खात्यातील के. आर. रामनाथन यांनी 'नेचर' नियतकालिकातून दाखवून दिले की, विषुववृत्तीय भागात तपांबराची उंची सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत जाते, आणि तिथली हवा ध्रुवांवरच्या तेवढ्या उंचीवरील हवेपेक्षाही थंड असते. जिथे जमीन आणि समुद्र सर्वांत जास्त तापतात तिथे हवा सर्वांत उंचापर्यंत ढवळली जाते आणि चढता चढता सर्वांत थंड होते.

एक बिनसलेली उपमा

१९०९ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी एक छोटा प्रयोग केला. काळ्या पुठ्ठ्याची दोन खोकी घेतली. एकावर काच बसवली, दुसऱ्यावर सैंधवाची चकती. काच अंधारी उष्णता अडवते, सैंधव अडवत नाही. काचगृहाची ऊब अंधारी उष्णता अडल्यामुळे असेल, तर काचेचे खोके बरेच जास्त तापायला हवे. दोन्ही खोकी सुमारे ५५ अंशांपर्यंत तापली आणि फरक एका अंशाहूनही कमी पडला! बागेतले काचगृह उबदार राहते ते मुख्यतः आतली गरम हवा बाहेर जाऊ शकत नाही म्हणून.

मग वातावरणाला 'हरितगृह' म्हणणे चूक का? उपमा म्हणून ती कच्ची आहे, हे मान्य केले पाहिजे. पण वुड यांनी पुढे जाऊन वातावरणातही अंधाऱ्या उष्णतेच्या अडवणुकीला फारसे महत्त्व नसावे असे सुचवले, ते मात्र बरोबर नव्हते. काचगृहाला छप्पर असते. वातावरणाच्या वर पोकळी आहे. हवा कितीही वर चढली तरी ती पृथ्वी सोडून जाऊ शकत नाही. पृथ्वीची उष्णता अवकाशात जायला प्रारणाखेरीज दुसरा मार्गच नाही, आणि त्या मार्गावर बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड उभे आहेत. वर्गात हरितगृहाचे चित्र काढताना हा फरक सांगायला विसरू नये.

पुण्यातला खालचा एक फूट

हवेच्या उंच थरांचा हिशेब असा लागत असताना, अगदी पायाखालच्या हवेने एक नवे कोडे घातले, आणि तेही पुण्यात.

रात्री निरभ्र आकाशाखाली जमीन उष्णता सोडून थंड होते, आणि तिच्यालगतची हवा तिच्यामुळे थंड होते. त्यामुळे पहाटे सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटलेली असणार, असे सगळी पुस्तके सांगत. हवामान खात्यात शेतकी हवामानशास्त्राचा पाया घालणारे एल. ए. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी जमिनीपासून वेगवेगळ्या उंचींवर तापमाने मोजली आणि १९३२ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. वारा पडलेल्या निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा उघड्या जमिनीलगत नसून, जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर असते आणि ती जमिनीपेक्षा काही अंशांनी थंड असू शकते.

यावर विश्वास बसणे कठीण होते. थंड जड हवा खालच्या ऊबदार हवेवर तरंगत राहीलच कशी? ती खाली कोसळायला हवी. मोजण्यात चूक असेल, किंवा बाजूने थंड हवा वाहत येत असेल, असे परदेशातल्या तज्ज्ञांना वाटले. पुढे जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस राश्के यांनी पुण्यातच अधिक काटेकोर मोजमापे केली आणि १९५७ साली रामदास यांच्या निरीक्षणाला दुजोरा दिला. या थराला आज 'रामदास थर' असे नाव आहे. १९९३ साली बंगळूरच्या रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा सविस्तर सिद्धांत मांडला. पुढे बंगळूरच्याच जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील प्रयोगांतून, जमिनीलगतच्या हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा यात मोठा हात असल्याचे दिसून आले.

मुद्दा असा की, अगदी जमिनीला टेकलेली हवासुद्धा केवळ स्पर्शाने तापत किंवा थंड होत नाही. तीही आकाशाकडे उष्णता सोडत असते आणि कधीकधी जमिनीपेक्षा लवकर सोडते. उंचावरच्या थरांसाठी जे खरे, ते खालच्या एका फुटासाठीही खरे ठरले.

नळी भरली, पण आकाश भरले नाही

स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली हाताने अफाट आकडेमोड करून असे अनुमान काढले होते की, हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. चारच वर्षांत त्यांच्या देशबंधूने, क्नुट आँगस्ट्रॉम यांनी, आक्षेप घेतला. नळीत कार्बन डायऑक्साइड भरून त्यांनी दाखवले की, त्याचे प्रमाण कमीजास्त केले तरी शोषणात फारसा फरक पडत नाही. अडवायची तेवढी उष्णता आधीच अडवली गेली आहे, मग आणखी वायू घालून काय होणार? हा युक्तिवाद इतका सरळ होता की पुढची कित्येक दशके बहुतेकांनी तो मान्य केला. १९३८ साली गाय कॅलंडर या ब्रिटिश अभियंत्याने जगभरच्या तापमानांच्या नोंदी एकत्र करून पृथ्वी तापत असल्याचे सांगितले, तेव्हाही त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

चूक कुठे होती? वातावरण म्हणजे एक नळी नव्हे. ते थरावर थर आहेत. प्रत्येक थर खालून आलेली उष्णता शोषतो आणि स्वतःच्या तापमानानुसार वर आणि खाली दोन्हीकडे सोडतो. अवकाशात सुटते ती उष्णता अशा उंचीवरून, जिच्या वर अडवणारे फारसे कोणी उरलेले नसते. ही उंची काढायला पाचवीचे गणित पुरते. सूर्याकडून मिळते तितकीच उष्णता परत सोडायची, तर पृथ्वीचे तापमान अवकाशातून पाहता उणे १८ अंश असायला हवे. जमिनीचे सरासरी तापमान अधिक १५ आहे. फरक ३३ अंशांचा. दर किलोमीटरला साडेसहा अंश घट धरली, तर ३३ भागिले ६.५ म्हणजे सुमारे पाच किलोमीटर. सरासरीने पृथ्वी अवकाशात उष्णता सोडते ती या उंचीवरून.

आता हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवला की ही उंची थोडी वर सरकते. वर हवा थंड असते, थंड थर कमी उष्णता सोडतो. जमा तेवढीच आणि खर्च कमी, म्हणून जमीन, समुद्र आणि तपांबर तापू लागतात आणि ताळेबंद पुन्हा जुळेपर्यंत तापत राहतात. नळी भरली तरी फरक पडतो तो असा. स्वीडनच्याच निल्स एकहोम यांनी हा विचार १९०१ सालीच मांडला होता, पण तो मागे पडला.

प्रारण आणि हवेचे ढवळणे या दोन्ही गोष्टी एकाच गणितात बसवण्याचे काम १९६० च्या दशकात स्युकुरो मानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत संगणकाच्या मदतीने केले. केवळ प्रारणाचा हिशेब केला, तर जमीन ६० अंशांच्या घरात तापलेली निघे! हवा ढवळली जाते हे गणितात घालताच उत्तर वास्तवाजवळ आले. म्हणजे ढवळणे ही जमिनीला थंड ठेवणारी क्रियाही आहे. मानाबे आणि वेदरल्ड यांच्या १९६७ च्या निबंधात कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास सुमारे २.३ अंशांची वाढ निघाली. आणखी एक भाकीत त्यात होते. तपांबर तापेल, पण स्थितांबर थंड होईल. सूर्य प्रखर झाल्यामुळे पृथ्वी तापत असती तर दोन्ही थर तापले असते. पुढच्या दशकांत मोजमापे झाली, तेव्हा तपांबर तापलेले आणि स्थितांबर थंड झालेले आढळले. २०२१ साली मानाबे यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ताळेबंद

आता आपण 'जमीन हवेला तापवते' या वाक्याचा हिशेब मांडू शकतो. सरासरीने पृथ्वीच्या दर चौरस मीटरला सूर्याकडून सुमारे ३४० वॅट मिळतात. त्यातले १०० परावर्तित होऊन जातात, १६० जमीन आणि समुद्र शोषतात, आणि ८० हवा स्वतः शोषते. म्हणजे हवा सूर्यामुळे थेट मुळीच तापत नाही, हेही पूर्ण खरे नाही.

जमिनीकडून आणि समुद्राकडून हवेला काय मिळते? बाष्पीभवनातून सुमारे ८२ वॅट. प्रत्यक्ष स्पर्शाने तापून सुमारे २१. अंधाऱ्या उष्णतेची देवघेव मात्र फार मोठी आहे. हवा सुमारे ३५८ वॅट खालून घेते आणि सुमारे ३४२ जमिनीला परत करते, तेव्हा तिच्या पदरात निव्वळ उरतात १६ च्या आसपास. हे आकडे अंदाजे आहेत आणि एकदोन एककांनी मागेपुढे होतात, पण क्रम स्पष्ट आहे. खालून मिळणाऱ्या सुमारे १२० वॅटांपैकी दोन तृतीयांश पाण्याच्या वाफेबरोबर येतात. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात जो बाण आपण सर्वांत ठळक काढतो, तो स्पर्शाने तापण्याचा बाण, प्रत्यक्षात पाचवा-सहावा हिस्साच आहे. अरबी समुद्राच्या पाण्याने घेतलेली उष्णता वाफेबरोबर सह्याद्रीवर येते आणि पावसाच्या ढगांत, जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचीवर, हवेला मिळते. आणि जमीन व समुद्र मुळात इतके ऊबदार राहतात ते हवेकडून परत येणाऱ्या ३४२ वॅटांमुळे.

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर आहेत आणि पृथ्वीचे सरासरी तापमान एका अंशाहून अधिक वाढले आहे. आँगस्ट्रॉम यांचा 'नळी भरली' हा युक्तिवाद आजही अधूनमधून कोणीतरी नव्याने काढतो. वर्गात तो निघाला तर गप्प बसू नये. फळ्यावर ३३ भागिले ६.५ एवढे करून दाखवावे आणि ती पाच किलोमीटरची उंची वर सरकली तर काय होईल, हे मुलांनाच विचारावे.

जमल्यास आणखी एक करावे. थंडीच्या एखाद्या निवांत, निरभ्र रात्री शाळेच्या मैदानाच्या उघड्या जमिनीवर काठी रोवून जमिनीलगत, वीतभर उंचीवर, हातभर उंचीवर आणि डोक्याइतक्या उंचीवर चार तापमापक बांधावेत आणि पहाटेपर्यंत दर तासाला नोंदी कराव्यात. आधी मात्र चारही तापमापक एकाच पाण्यात बुडवून ते सारखे दाखवतात ना, ते पाहून घ्यावे. रामदास थर सापडेलच याची खात्री नाही. वारा सुटला तर सापडणार नाही. सापडला तर मुलांनी आपल्या हाताने पुस्तकाच्या पुढचे काही पाहिलेले असेल.

त्या मुलीची आणि आमची पुन्हा गाठ पडली नाही. तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आता तीन वाक्यांत देता येते. टेबललँडची जमीन तापते, पण तिच्या डोक्यावरचे पांघरूण पातळ आहे. तिच्यावरची हवा तिची नाही, फुगून थंड होत खालून आलेली आहे. आणि प्रश्न विचारलास ते फार बरे केलेस, कारण आमचे उत्तर अर्धवटच होते.